मंगल, तुझा बॅनर लागलाय

तू पहाटे गेलीस. लेक बदलापूरहून येईपर्यंत आम्ही थांबलो आणि दुपारी तुला घेऊन खाली उतरलो, तर रिक्षा स्टँडसमोर तुझा बॅनर लागलेला. आम्हाला फुलवाला मिळत नव्हता आणि भाऊच्या पोरांना फ्लेक्सवाला मिळाला. सगळ्यात वर साहेबांचे साहेब, त्याखाली साहेब, मधोमध कमरेपर्यंतचा भाऊ, पांढरा शर्ट, गॉगल कपाळावर चढवलेला. खाली पोरांच्या थोबाडांची रांग, सगळे 'शोकाकुल', त्यातला एक चक्क दात काढतोय. आणि या गर्दीत उजव्या कोपऱ्यात तू, पोस्टाच्या तिकिटाएवढी. 'आमच्या मार्गदर्शक मंगलताई धुरी यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' मार्गदर्शक! ज्या माणसाविरुद्ध तू निवडणुकीला उभी राहिलीस, त्याची तू मेल्यावर मार्गदर्शक झालीस. त्या बॅनरखालूनच तुला न्यावं लागलं, दुसरा रस्ता नव्हता.

फोटो कुठला घेतलाय माहितीये? तुझ्या प्रचाराच्या पत्रकावरचा. हिरवी साडी, हात जोडलेले. बाजूची कपबशी तेवढी कापून टाकलीय, कारण ती तुझी निशाणी. म्हणजे लोकांकडे मत मागायला जोडलेले हात आता भाऊला जोडल्यासारखे दिसतात. खांदा देणाऱ्यांच्या मागे चालत होते म्हणून, नाहीतर रस्त्यातच ओकले असते.

स्मशानात तर कहर. भाऊ आला, त्याच्याबरोबर मोबाईल धरणारा आला. नाक्यापासून गेटपर्यंत त्याने तुला खांदा दिला. व्हिडिओ झाला तसा खांदा बदलला. मग कोणीतरी म्हणालं, दोन शब्द बोला. आपल्याकडे एक ही घाण पद्धत आहे बघ, माणूस तिथे लाकडांवर आणि इथे भाषण. भाऊ म्हणाला, "वहिनी माझ्या विरोधात उभ्या होत्या, पण मनाने कायम माझ्याबरोबर होत्या." मी बायकांत उभी होते. तुझी लेक रडता रडता थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. तिला म्हटलं, बाळा, तू रड, याच्याकडे लक्ष नको देऊ. तुझी आई आत्ता उठून बसली असती तर यालाच तिथे झोपवलं असतं.

तुला सांगू का, मला तुझं रडू अजून नीट आलेलंच नाही. आधी राग येतो, मग किळस येते, आणि रडण्याची पाळी येईपर्यंत मी दमलेली असते. हे पण त्यांनी खाल्लं.

आपली ओळख एका कुत्र्याने करून दिली. आठवतंय? पाइपलाइनजवळचा तो तपकिरी, एका कानाचा. मला सकाळी चावला आणि तुला संध्याकाळी. आपल्या गल्लीतल्या पालिकेच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी इंजेक्शनच्या रांगेत तू माझ्यापुढे. मी घाबरून पांढरी पडलेली, आणि तू मागे वळून म्हणालीस, "तपकिरी काय? एका कानाचो? मगे आपण बहिणी झालो गो." मी विमा कंपनीतली, सगळ्यांशी 'अहो-जाहो'ने बोलणारी बाई. मला कोणी असं पहिल्या वाक्याला 'गो' म्हटलं नव्हतं. इंजेक्शन देताना तू माझा हात धरलास. नंतर कळलं की सुईला तू माझ्यापेक्षा जास्त घाबरायचीस. हात तू स्वतःसाठी धरला होतास.

तेव्हा तो दवाखाना काही फार मोठा नव्हता. दोन खोल्या, एक व्हरांडा. पण बीपी बघायचे, साखर बघायचे, गोळ्या फुकट मिळायच्या, बाळांचे डोस व्हायचे. मागच्या चाळीतल्या बायका कामावर जाताना तिथूनच जायच्या. मग एक दिवस दाराला कागद लागला, 'दुरुस्तीसाठी तात्पुरता बंद'. डॉक्टरांना देवनारला पाठवलं म्हणे. दुरुस्तीला कोणी आलं नाही. कागद उन्हाने पिवळा पडला. व्हरांड्यात आधी कॅरम आला, मग खुर्च्या आल्या, मग टीव्ही आला आणि एका सकाळी वर पाटी आली: भाऊंचं जनसंपर्क कार्यालय. कुलूप लावलेल्या दवाखान्याच्या व्हरांड्यात. मी म्हटलं, वा, काय निर्लज्जपणा. आणि भाजी घेऊन घरी गेले. तू मात्र पिशवी खाली ठेवलीस आणि आत जाऊन विचारलंस, "दवाखाना कधी उघडणार?"

बस. तुझं सगळं राजकारण म्हणजे एवढाच प्रश्न होता.

वॉर्ड ऑफिसला आपण किती खेपा घातल्या! साहेब साइटवर. साहेब मीटिंगला. साहेब रजेवर. एकदा तर साहेब समोर बसून वडापाव खात होते आणि शिपाई म्हणाला, साहेब साइटवर आहेत. तू म्हणालीस, "हे मगे कोण? साहेबांचो भूत?" रागावलीस की तुझी मालवणी बाहेर पडायची आणि समोरच्याची बोलती बंद व्हायची. पण कामं होत नाहीत गं बोलती बंद करून. तेव्हा पालिकेत नगरसेवकच नव्हते, इतकी वर्षं निवडणूक नाही, सगळा कारभार प्रशासकाचा. ज्याला विचारावं तो म्हणायचा, निवडणूक होऊ द्या, तुमचा नगरसेवक येईल, त्याला विचारा. निवडणूक जाहीर झाली तेव्हा तू माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणालीस, "मीच उभी रवतंय. मगे माकाच इचारा."

मला वाटलं, थट्टा करतेय. नंतर कळलं, अर्ज आणलायस. आपलं केवढं भांडण झालं त्या दिवशी. मी म्हटलं, राजकारण म्हणजे गटार आहे, आपल्यासारख्या बायकांचं काम नाही. तू म्हणालीस, "गटार आसा म्हणान तर उतरूक व्हया. वर नाक धरून उभ्या रवलेल्यांनी खंयचा गटार साफ केल्यानी?" याचं उत्तर मला आता सुचतंय. उतरलीस ना? काय झालं? तुझ्या अंगाला वास लागला आणि गटार होतं तिथेच आहे. आता बोल. हे भांडण असं अर्धवट टाकून जायची काय गरज होती?

प्रचार म्हणजे तू, मी आणि मागून पाण्याची बाटली घेऊन तुझे दत्ताराम. बिचारा माणूस. गिरणी कामगाराचा मुलगा, आयुष्यभर कुरिअर कंपनीत नोकरी, कोणाशी कधी चढ्या आवाजात बोलला नाही. प्रचाराला आलेला भाऊ लिफ्टमध्ये भेटला तरी हे त्याला नमस्कार करायचे. तू डोळे वटारलेस की म्हणायचे, "सवय गो, दुसरा काय नाय." कोणाच्या दाराच्या आत यायचे नाहीत, जिन्यात उभे राहायचे. एका घरात आपल्याला सोलकढी दिली, त्यांची वाटी तू बाहेर नेऊन दिलीस. म्हणालीस, "हो माझो पक्ष. पिऊन घे रे पक्षा."

आणि ते हळदीकुंकू! ऐन संक्रांतीत प्रचार, सगळ्या वॉर्डात हळदीकुंकवाचा सुकाळ. भाऊच्या महिला मंडळाचं तर मैदानात. वाण म्हणून नॉनस्टिक तवा, तव्याच्या दांड्यावर भाऊचा स्टिकर. तू म्हणालीस, आपणही करू, पण वाण द्यायचं नाही. तिळगूळ देऊ, बायकांशी दवाखान्याबद्दल बोलू. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, अगं, वाण म्हणजे लाच नाही, रीत आहे. सवाष्णीला रिकाम्या हाताने कोणी पाठवतं का? कंगवा दे, हळदीची पुडी दे, काहीतरी दे. तू हट्टाला पेटलीस. "भाऊचो तवो लाच आणि माझो कंगवो रीत? ह्या माका पटणा नाय." तुझंच बरोबर होतं असं मला वाटत नाही. अजूनही नाही. आपण दोघी त्यावर नंतर तीनदा भांडलो आणि तीनही वेळा चहा गार झाला.

बायका नटूनथटून आल्या. हळद लावून घेतली, कुंकू लावून घेतलं, तिळगूळ खाल्ला आणि बसून राहिल्या. तू दवाखान्याचं बोलायला लागलीस. त्या माना हलवत होत्या, पण सगळ्यांचं लक्ष तुझ्या मागच्या टेबलाकडे. तिथे वाण असेल अशी त्यांची समजूत. टेबलावर होती माझी पर्स. शेवटी तळमजल्याच्या आजींनी विचारलंच, "वाण काय आहे गं?" तू सांगितलंस, वाण नाही, काम देईन. आजी उठल्या. दारात चपला घालताना जे बोलल्या ते मला अजून पाठ आहे: "उभी राहतेय आणि साधा चमचा देत नाही. निवडून आल्यावर काय देणार ही?" सगळ्या जिन्यातून खिदळत उतरल्या. तू दार लावलंस आणि एवढी हसलीस, एवढी हसलीस की तुझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग ते थांबेचना. मी उरलेला तिळगूळ डब्यात भरत राहिले.

आजींचा मला राग येत नाही. ज्या बाईला जन्मभर कोणी काही दिलं नाही, तिने तव्याकडे बघावं, यात काय नवल? किळस येते ती माझ्या सोसायटीची. शिकलेली माणसं. एकजण बँकेत मॅनेजर, एकजण कॉलेजात शिकवायचे, रोज सकाळी पेपर वाचून देशाला शिव्या घालणार. भाऊने कंपाउंडमध्ये पेव्हर ब्लॉक बसवून द्यायचं कबूल केलं आणि सेक्रेटरीने मीटिंगमध्ये सांगितलं की आपली मतं भाऊला एकगठ्ठा जातील. मी उभी राहिले, म्हटलं, मंगल धुरी इथे येऊन प्रत्येकाच्या दारात बोलून गेलीय. तर मॅनेजरसाहेब काय म्हणतात? "वहिनी चांगल्या आहेत हो. पण त्या काही निवडून येणार नाहीत. मत फुकट कशाला घालवायचं?" मत विकलं तर ते फुकट नाही जात. चांगल्या बाईला दिलं तर फुकट जातं! आता त्या पेव्हर ब्लॉकवरून मी रोज चालते. पावसात ते निसरडे होतात. परवा त्याच मॅनेजरसाहेबांचा पाय घसरला आणि मला बरं वाटलं. होय, वाटलं. देव माझं काय करायचं ते करो.

तू आपटलीस. डिपॉझिट गेलं. तुझ्या बिल्डिंगीत जेवढ्या जणी तुझ्या गळ्यात पडून 'तूच येणार' म्हणाल्या होत्या, तेवढीसुद्धा मतं तिथून पडली नाहीत. मतमोजणीच्या केंद्राबाहेर गुलाल उडत होता, भाऊची पोरं मुद्दाम आपल्या अंगावर उडवत होती. मला वाटलं, आता ही कोसळेल. तू साडीवरचा गुलाल झटकलास आणि म्हणालीस, "चल, बाजारात जाऊया. बोंबील इले असतले." आणि खरंच गेलो आपण. कोळणीने विचारलं, "काय गो, जिंकलीस की काय?" तू म्हणालीस, "नाय. पण बोंबील ताजे दी." घरी येऊन तळलेस, मला वाढलेस, आणि मी, मासे न खाणारी बाई, दोन खाल्ले. तुला हे कधी सांगितलं नाही, आता सांगते. ते पंधरा-वीस दिवस, लोकांच्या जिन्यांतून वणवण फिरताना, दारं तोंडावर आपटून घेताना, मला जी मजा आली ती नोकरीच्या सगळ्या वर्षांत आली नव्हती. मला आधी वरच्या मजल्यावर कोण राहतं हे माहीत नव्हतं. तुझ्यामुळे मला माझा वॉर्ड माहीत झाला. किती बायकांना बीपी आहे, कोण गोळी अर्धी करून खाते, कोण एका दिवसाची गोळी दोन दिवस पुरवते, हे सगळं कळलं. कळलं ते बरं झालं की वाईट, देव जाणे. पण तुझे उपकार आहेत, मंगल.

हरल्यावर माणसं घरी बसतात. तू नाही बसलीस. जिथे भाऊ, तिथे तू. गणपतीच्या मंडपात, रस्त्याच्या भूमिपूजनात, दहीहंडीत, पहिल्या रांगेत जाऊन एकच प्रश्न. "दवाखाना कधी उघडणार?" लोक तुला दवाखानावाली म्हणायला लागले. तू तोंड उघडलंस की भाऊचा इशारा व्हायचा आणि पोरं डीजेचा आवाज वाढवायची. तू हातवारे करून ओरडायचीस आणि ती गाण्यावर नाचायची. मी तुझा पदर ओढायचे. म्हणायचे, पुरे गं, लोक हसतात. तू म्हणायचीस, "हसूंदेत. उत्तर देवचा नाय म्हणान हसतत."

आणि मग डोक्यात रक्तस्राव होऊन तू गेलीस. बीपी वाढलेलं होतं, किती दिवस ते कोणालाच माहीत नाही, तू बघितलंच नव्हतंस. दवाखाना उघडा असता तर तू वाचली असतीस, असं मी म्हणणार नाही. तुला असल्या रचलेल्या गोष्टींचा तिटकारा होता. पण येता-जाता बीपी बघायची सोय असती तर तू बघून घेतलं असतंस, एवढं मी छातीठोकपणे सांगते. लोकांच्या बीपीसाठी भांडताना स्वतःचं बघायला लांबच्या हॉस्पिटलात कोण जातंय? तू तरी नव्हतीसच गेली.

आता मुद्द्याचं. दहाव्याच्या दिवशी भाऊ तुझ्या घरी आला. दवाखान्याची जागा मोडकळीला आलीय, तिथे ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्र बांधणार, बाहेर कारंजं, सेल्फी पॉइंट. आणि केंद्राला नाव? 'कै. मंगलताई धुरी विरंगुळा केंद्र'. घोषणा तुझ्या शोकसभेत. दत्तारामांनी मान डोलावली. मला संध्याकाळी कळलं. मी तशीच चपला घालून तुमच्या घरी गेले. म्हटलं, तुम्ही काय केलंत हे? दवाखाना गेला तो गेलाच, वर तिच्याच नावाने गेला! उद्या कोणी विचारलं, दवाखाना कुठे गेला, तर हे तिच्या नावाची पाटी दाखवतील. लोक म्हणतील, दवाखानावालीनेच सही दिली.

ते तुझ्या फोटोसमोरचा दिवा सारखा नीट करत होते. मग म्हणाले, "ज्योतीताई, उद्या तिची याद कोण काढतलो? लेक बदलापुराक, मी आज आसंय, उद्या नसंय. नाव तरी रवात." मी भांडायला गेले होते. तुझा नवरा तुझ्या नावासाठी भीक मागत होता आणि ती भीक भाऊ घालणार होता. मला त्यांचा राग आला, दया आली, आणि भाऊची एवढी शिसारी आली की घरी येऊन मी हात धुतले. कशाला धुतले, मलाही माहीत नाही.

मी शोकसभेला जाणार नव्हते. दत्तारामांनी फोन केला, "तुम्ही व्हया. तिच्या माणसांत तुम्हीच." म्हणून गेले.

मांडव कुठे घातला होता? दवाखान्यासमोर. पांढरं कापड, पांढऱ्या खुर्च्या, तुझा तोच हात जोडलेला फोटो, आता मात्र मोठा केलेला. मागे केंद्राचं रंगीत चित्र: कारंजं, म्हातारे हसतायत, कमानीवर तुझं नाव. पहिल्या रांगेत मॅनेजरसाहेब. तवा घेतलेल्या बायका पण आल्या होत्या आणि खरं सांगते, त्यांतल्या काही खरंच रडत होत्या. सूत्रसंचालक कोणी भाड्याचा होता, दर दोन वाक्यांनी शेर म्हणत होता. भाऊने घोषणा केली. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या, मंगल! मग त्या शेरवाल्याने माझं नाव घेतलं: "वहिनींच्या जिवलग मैत्रीण, आपल्या भावना व्यक्त करतील."

मी माइक घेतला. भाषण काही ठरवलं नव्हतं. म्हटलं, "मंगल आज इथे असती तर पहिल्या रांगेत बसली असती आणि तिने एकच गोष्ट विचारली असती. ती नाही, म्हणून मी विचारते. भाऊ, दवाखाना कधी उघडणार? विरंगुळा नको, दवाखाना. याच जागेवर, पालिकेचा, फुकट."

भाऊने त्या शेरवाल्याकडे बघितलं. डीजे काही आणला नव्हता, शोकसभा ना. पण पोरगं तयारीचं. त्याने माझ्या हातातून हळूच माइक घेतला आणि जड आवाजात म्हणाला, "ताई भावुक झाल्या आहेत. आपण सारेच भावुक झालो आहोत. चला, सर्वांनी उभं राहून मंगलताईंना दोन मिनिटं शांतता पाळून श्रद्धांजली वाहूया."

सगळे उभे राहिले. माना खाली. आणि मी? मी काय करणार? तुझ्यासाठीची शांतता मी कशी मोडणार? तुझ्या मरणाचं बूच करून माझ्या तोंडात घातलं गं त्यांनी. आजवर इतका घाणेरडा प्रकार मी बघितला नव्हता. भाऊ डोळे मिटून उभा, मधूनच एक डोळा किलकिला करून घड्याळ बघत होता. कोणाचा तरी फोन वाजला, कुठल्याशा सिनेमातल्या गाण्याची ट्यून. पलीकडे रिक्षावाले भाड्यावरून भांडत होते. मी दात आवळून उभी राहिले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी दोन मिनिटं.

"ओम शांती," शेरवाला म्हणाला. खुर्च्या सरकल्या, सगळे बसले. चहाचे कप फिरायला लागले. तेवढ्यात मी बघितलं, दत्ताराम बसलेच नव्हते. पहिल्या रांगेत उभे, हात मागे बांधलेले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. मला वाटलं, चक्कर आली की काय. मी त्यांच्याकडे जायला निघाले, तर ते बोलले. माइक नाही, काही नाही.

"झाली दोन मिन्टां. आता सांगा, दवाखानो कधी उघडतलो?"

मंगल, मी तो आवाज ओळखलाच नाही. तुझा तो लिफ्टमध्ये नमस्कार करणारा माणूस. भाऊ हसत पुढे आला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, बसा ना. चहा घ्या. आज राजकारण नको."

दत्तारामांनी तो हात काढला. झटकला नाही, उचलून बाजूला केला, एखाद्याची वस्तू परत करावी तसा. "आज राजकारण नको, मगे हो मांडव कोणाचो?" मागून एक बाई फिस्सकन हसली. ते थांबले नाहीत. "मी हो म्हटलंय, ती माझी चूक. तिचा नाव हंय घालू नकात. आधी दवाखानो उघडा. मगे हवा तर तुमचाच नाव घाला. आमचा कायेक म्हणणा नाय."

भाऊला नको म्हणणारी माणसं माहीत आहेत, त्यांचा बंदोबस्त माहीत आहे. पण 'तुमचंच नाव घाला' म्हणणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पुढच्या कार्यक्रमाला उशीर होतोय म्हणाला आणि गाडीत बसला. लोकांनी चहा संपवला. मॅनेजरसाहेब मला येऊन म्हणाले, "बोलले बाकी चांगलं!" मी तोंड फिरवलं. दवाखान्याला कुलूप आहे, व्हरांड्यात भाऊचा टीव्ही आहे, काही म्हणजे काही बदललेलं नाही. ते चित्र तेवढं रात्रीतून काढून नेलं. आज सकाळी बघितलं, चित्राशिवाय नुसते बांबू उभे आहेत. तुझं नाव सुटलं.

काल घरी परतताना मी त्यांच्याबरोबर चालत होते. अंधार पडला होता. तुमच्या गेटपाशी आलो आणि ते समोर बघतच म्हणाले, "बरा बोललंय मा मी, मंगल?"

चुकून निघालं तोंडातून. त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी काय करू? तुझ्या वतीने मीच "होय" म्हटलं. ते मान हलवून आत गेले, आणि मग मला रडू आलं, तिथेच, गेटाला धरून. तू असतीस तर होय म्हणाली नसतीस, मला माहीत आहे. तू म्हणाली असतीस, "इतकी वर्सां खंय होतास रे मेल्या?" आणि त्यांना आत नेऊन जेवायला वाढलं असतंस.